पंचमावरून गंधारावर

"सा लावा," अण्णा म्हणाले.

दयानंद आवळे आमच्या दिवाणखान्यात कोचाच्या अगदी कडेला बसला होता. हातात कोकमाच्या सरबताचा पेला. त्यानं पेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग अण्णांच्या मांडीवरच्या तंबोऱ्याकडं. लग्नाचं विचारायला आलेल्या मुलाला लोक पगार विचारतात, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारतात. आमच्याकडं षड्ज विचारत.

"सर, मला गाता येत नाही."

"वाजवता?"

"वाजवत नाही, पण घरात आहे. आमचे आबा क्लॅरिनेट वाजवतात. आवळे ब्रास बँड."

"म्हणजे वरातीत?"

"वरातीत, गणपतीत, उद्घाटनाला. बोलावतील तिथं," दयानंद हसून म्हणाला.

अण्णा "अस्सं" म्हणाले. अण्णांचं 'अस्सं' ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. त्यांनी तंबोरा गवसणीत घातला, गवसणीची नाडी बांधली आणि मग अतिशय गोड आवाजात बोलले, "हे पाहा, आम्ही जातबीत मानत नाही. आमच्या घरात तो विषयच नाही. आम्ही फक्त सूर मानतो. उद्या राजाचा मुलगा आला आणि बेसूर निघाला, तर त्यालाही मी जिना दाखवीन."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि या वाक्यानं माझी छाती अभिमानानं भरून आली. इतके पुरोगामी वडील किती जणींना मिळतात!

अण्णांची ओळख करून द्यायलाच हवी. श्रीधर आठल्ये, बँकेतून निवृत्त, मुक्काम विश्रामबाग, सांगली. स्वतः कधी गायले नाहीत, वाजवलं तर फक्त तंबोऱ्याच्या तारा छेडल्या. पण गावातला सर्वांत तयार कान त्यांचा, याबद्दल दुमत नव्हतं. कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीत आहे ते ते सांगत. एका कुकरची शिट्टी घरातल्या तंबोऱ्याशी जुळत नाही म्हणून तो आईनं चांगल्या अवस्थेत मावशीला देऊन टाकला होता. मैफलीत अण्णांनी मान हलवली की मागच्या रांगाही हलवत. त्यांची मान थांबली की गवयी घाम पुसत. शहरात त्यांचं 'स्वरार्चन मंडळ' होतं, आणि त्या मंडळात एखादा गायक चांगला की वाईट हे ठरवायला मतदानाची गरज कधी पडली नव्हती. या कानावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास होता. मला गाणं त्यांनीच ऐकायला शिकवलं, आणि मला जे काही थोडं कळतं ते सगळं त्यांच्यामुळं, हे मी आजही मान्य करते.

दयानंद एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. मी तिथं टॅली शिकायला गेले आणि टॅली सोडून बाकी सगळं शिकून आले. क्लास सुटल्यावर तो स्वतःसाठी एक उद्योग करत बसे. एका मासिकासोबत आलेल्या फुकट सीडीवर त्याला 'ट्रॅकर' नावाचा प्रोग्रॅम सापडला होता. त्यात कॉम्प्युटरवर संगीत रचता यायचं. पाच रेघांचं स्टाफ नोटेशन नाही, पेटी नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. गाता न येणारा माणूस आकडे लिहून धून तयार करतो, हे मला इतकं अजब वाटलं की मी रोज बघायला थांबू लागले. बाकीचं ओघानं झालं.

म्हणून मी त्या दिवशी मध्येच बोलले. "अण्णा, दया कॉम्प्युटरवर संगीत करतो."

"यंत्रावर?" अण्णांनी डोळे मिटले. कुणी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्याचं ऐकू यावं तसा त्यांचा चेहरा झाला. "यंत्र सूर लावील गं. पेटीसुद्धा लावते. पण मींड? दोन सुरांमधली वाट? भूपातला पंचम सोडून गंधारावर यायचं, ते पायऱ्या उतरल्यासारखं नव्हे, रेशमावरून हात फिरवल्यासारखं. ते यंत्रातून काढून दाखव म्हणावं."

"काढतो," दयानंद म्हणाला.

सरबताचा पेला त्यानं खाली ठेवला तो तसाच भरलेला.

अण्णांना असं उत्तर अपेक्षित नव्हतं. पण ते शब्दाचे माणूस. मंडळाला पंचवीस वर्षं होणार होती, आणि प्रत्येक मैफलीआधी वाजवायला एक स्वागतधून हवी होती. धून आधीच ठरली होती. मंडळाच्या संस्थापकांनी भूप रागात बांधलेली, चार ओळींची. ती फक्त नव्यानं वाजवून रेकॉर्ड करायची होती. पुण्याचा चारुदत्त खांबेटे ती सतारीवर करून आणणार होता. चारुदत्त म्हणजे अण्णांच्या मित्राचा मुलगा, गोरा, उंच, सतार शिकलेला, आणि माझ्यासाठी घरात ज्याचं नाव महिन्यातून एकदा तरी निघे असा. अण्णा म्हणाले, "तूही कर. पुढच्या रविवारी इथंच ऐकू. मंडळातले ताम्हनकर वकीलही असतील. तुझा गंधार लागला, तर रुजूचा हात तुझ्या हातात देतो. शब्द आहे माझा."

आई दारात उभी होती. आई आमच्या घरात फार बोलत नसे आणि गुणगुणत तर मुळीच नसे. लग्नाच्या पहिल्या वर्षीच अण्णांनी तिला सांगितलं होतं, की तिचा निषाद उतरतो.

दुसऱ्या दिवसापासून क्लास सुटला की आम्ही दोघं ट्रॅकरपुढं बसू लागलो. आधी वाद्य हवं होतं. दयानंदनं आबांना क्लॅरिनेटवर एकच सूर लांब धरायला लावला, तो मायक्रोफोननं टिपला आणि प्रोग्रॅममध्ये भरला. आता त्या एका सुरातून कुठलाही सूर काढता येत होता. पडद्यावर उभे रकाने होते आणि ओळी वरून खाली सरकत. प्रत्येक ओळीत स्वर, पुढं वाद्याचा आकडा, आणि शेवटी एक आज्ञा. ती आज्ञाच महत्त्वाची. एक म्हणजे स्वर वर सरकव. दोन म्हणजे खाली सरकव. तीन म्हणजे काय ते आम्हाला अजून नीट कळलेलं नव्हतं. आज्ञेच्या पुढं आणखी एक आकडा, किती झपाट्यानं सरकायचं त्याचा.

दयानंदनं पंचम लिहिला आणि खाली दोनची आज्ञा दिली. क्लॅरिनेट पंचमावरून निघालं, गंधारावर आलं, आणि तिथं न थांबता खाली घसरतच गेलं, ऋषभ ओलांडून पार षड्जाच्या खाली, बॅटरी संपत आलेल्या टेपसारखं.

"थांबव, थांबव!" मी हसत सुटले. "हा तर विहिरीत पडला."

"याला थांबायचं कुठं ते म्हाईतच न्हाई," दयानंद म्हणाला. माझ्यापुढं आणि घाईत असला की त्याची भाषा घरची व्हायची. मला ती आवडायची. "दोन नुसतं ढकलतंय. ज्या ओळीला आपण आज्ञा काढून घेऊ तिथंच त्ये थांबणार. मोजून काढायला पायजे."

"मोजून मींड घेतात का कुणी? तीन वापरून बघ ना."

तीन वापरलं तर काहीच झालं नाही. पंचम लागला आणि ढिम्म पंचमावरच बसला. आकडा बदलला, मोठा केला, सर्वांत मोठा दिला. पंचम हलेना. मग त्यानं वैतागून पुढच्या ओळीत गंधार लिहिला, नुसता, आज्ञेविना. सूर टुणकन उडी मारून गंधारावर. अण्णा म्हणाले होते त्या पायऱ्या.

बराच वेळ आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. क्लासचा शिपाई झाडू मारून, आमच्या पायांखालूनही मारून, निघून गेला. मग मलाच सुचलं. "दया, त्याच ओळीत दोन्ही लिही. गंधार पण आणि तीन पण."

"एकाच ओळीत?"

"हो. तीनला कुठं जायचं ते सांगायला नको का? आपण नुसतं चल म्हणतोय."

त्यानं लिहिलं. पंचम लागला. आणि मग तो हळूच, कुठेही न खडखडता, वळून खाली आला आणि गंधारावर येऊन टेकला, आणि तिथंच राहिला. बरोब्बर गंधारावर.

मी गंधार धरला, तोंडानं, त्या क्लॅरिनेटच्या सुरात. दोन्ही एकच झाले. कानात ती सूक्ष्म थरथर असते ना दोन सूर जवळ असूनही वेगळे असले की, ती नव्हती. मला तेव्हा रडू फुटलं. कशाला ते विचारू नका. प्रेमात पडलेल्या बऱ्याच मुलींना चंद्र वगैरे लागतो. मला एक तीनची आज्ञा पुरली.

पूर्ण धून बसवायला आणखी दोन-तीन संध्याकाळी गेल्या. आणि मग ताम्हनकर वकील आले.

वकीलकाकांचा पुतण्या क्लासला यायचा, त्याची फी कमी होते का बघायला ते आले होते. मला तिथं बघून त्यांना सगळं समजलं. त्यांनी धून ऐकायचा आग्रह धरला. ऐकली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना मनापासून मदत करायची होती, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

"चांगलंय. पण एक सांगू? हे क्लॅरिनेट बदला. क्लॅरिनेट ऐकलं की डोळ्यांसमोर घोडा येतो आणि घोड्यावर नवरा. सतार टाका, सतारीला एक दर्जा आहे. आणि जरा लय वाढवा. रेंगाळतंय."

ते गेल्यावर दयानंदनं पडद्यावर वाद्यांची यादी उघडली.

"आबांचं वाद्य काढायचं?" मी विचारलं.

"तुझ्या वडलांना घोडा दिसायला नको," तो म्हणाला. प्रोग्रॅमच्या सीडीवर सतारीचा एक तयार आवाज होता, तो त्यानं क्लॅरिनेटच्या जागी बसवला. लयीसाठी वरच्या कोपऱ्यात एक आकडा होता, सहा. त्याचे त्यानं पाच केले. धून झपझप चालू लागली. तेवढ्यात वीज जायची वेळ झाली म्हणून पुन्हा नीट न ऐकताच आम्ही ती सीडीवर उतरवून घेतली, आणि मी ती घरी घेऊन आले.

शनिवारी दुपारी अण्णा मंडळात गेले होते. आई दिवाणखान्यात जमिनीवर मेथी निवडत बसली होती. मी सीडी लावली. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीत ती जागा आली. सतार पंचमावरून निघाली, वळली, खाली आली आणि गंधाराच्या अलीकडंच थांबली. धड गंधार नाही, धड मध्यम नाही. भूपात मध्यम लागतच नाही, हे अण्णांच्या घरातली पालसुद्धा जाणून होती. आणि धुनेत ही जागा प्रत्येक ओळीत होती.

"गंधार चढा राहतोय!" मी ओरडलेच.

आईनं मेथीतून मान वर केली. "हो," एवढंच म्हणाली.

मी सायकल काढून क्लासवर गेले. दयानंदनं ती जागा पुन्हा पुन्हा वाजवली. स्वर बरोबर लिहिलेला, आज्ञा तीनच, आज्ञेचा आकडा पहिलाच. काही बदललेलं नव्हतं आणि तरी सूर पोचत नव्हता. सतारीचा आवाजच मुळात चढा असेल म्हणून त्यानं तो तपासला, तो ठीक होता. मग क्लॅरिनेट परत लावून पाहिलं. तेही आता अर्ध्यात थांबत होतं.

"लय," मी म्हणाले. "लय वाढवली तेव्हापासून."

"लयीचा आन् सुराचा काय संबंध?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "आयला. ह्यो सहाचा आकडा म्हंजी लय न्हाई गं. एका ओळीचे किती तुकडे पाडायचे त्ये. सूर सरकतो त्यो तुकड्या-तुकड्यानं. पहिल्या तुकड्याला नुसता उभा ऱ्हातो, उरलेल्यांना सरकतो. आपण तुकडेच कमी केले. पावलं तेवढीच लांब, पण कमी पडली."

"म्हणजे पोचायच्या आधीच वेळ संपला."

"व्हय. एकतर पावलं मोठी टाकायची, न्हाईतर वेळ परत द्यायचा."

पावलं मोठी करून पाहिली. गंधार लागला. सतारही सुरात आली. पण दयानंद ती तशीच ठेवायला तयार होईना. तो खुर्चीत मागं रेलला. "रुजू, आपण जुनीच देऊ. आबांची. सहाच्या लयीतली. त्यांना घोडा दिसला तर दिसला. सूर तर लागतोय की न्हाई?"

"लागतोय."

"मग बास."

त्यानं क्लॅरिनेटची सीडी तयार केली आणि ती स्वतःजवळ ठेवली. मी घरी आले तेव्हा आई मेथीच्या काड्या गोळा करत होती. सतारीची चकती अजून प्लेअरमध्येच होती. "हिचं काय करू?" आईनं विचारलं.

"टाकून दे. बिघडलेली आहे."

रविवारी सकाळी बैठक भरली. अण्णा मधे, धुतलेल्या झब्ब्यात. उजवीकडं ताम्हनकर वकील. डावीकडं चारुदत्त खांबेटे, पुण्याहून पहाटेच्या गाडीनं आलेला, अत्तर लावून. दयानंद पुन्हा कोचाच्या त्याच कडेला. मी आईशेजारी सीडी प्लेअरपाशी, कारण ते बटणांचं काम बायकांचं.

"आधी पाहुणे," अण्णा म्हणाले.

चारुदत्तनं पिशवीतून सीडी काढली. मी ती लावली. प्लेअरनं दोनदा फिरवून पाहिली आणि पडद्यावर 'नो डिस्क' असं जाहीर केलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. चारुदत्तचा चेहरा उतरला. "काका, घरी तर वाजत होती."

"धूळ असेल," आई म्हणाली. "द्या इकडं, मी पदरानं पुसून आणते. आत उजेड आहे."

ती आत गेली, आली, आणि स्वतःच्या हातानं सीडी लावून तिनं बटण दाबलं.

सतार सुरू झाली. झपझप लयीत. मी आधी नुसती ऐकत राहिले. मग पंचम आला, सूर वळला, खाली आला आणि गंधाराच्या अलीकडं लोंबकळत राहिला. ती आमची होती. टाकून दे म्हटलेली. मी आईकडं पाहिलं. आई प्लेअरकडं बघत होती, देवापुढं निरांजन लावून बघतात तशी, शांत.

दयानंदनंही ओळखली.

ओळखली तर चारुदत्तनंही असणार, म्हणजे स्वतःची नाही हे तरी. त्यानं आधी प्लेअरकडं चमकून पाहिलं, तोंड उघडलं. पण तेवढ्यात अण्णांची मान हलली. हो, हलली. प्रत्येक ओळीत त्या जागेला सावकाश, डोळे मिटून. ती हललेली मान पाहून चारुदत्तचं तोंड आपोआप मिटलं, आणि तो पंख्याकडं बघू लागला.

धून संपली. अण्णांनी डोळे उघडले.

"ऐकलंत वकील? तो गंधार ऐकलात?"

"म्हणजे... मला जरा..." वकील चाचरले.

"तुम्हाला चढा वाटला असेल. वाटणारच. सरळ गंधारावर बसणं कुणालाही येतं हो. हा बसला नाही. त्यानं गंधारावर मध्यमाची पुसट सावली पाडली. जुन्या लोकांत होतं हे. आता कुठं ऐकायला मिळतं? श्रुतींचं काम आहे." त्यांनी चारुदत्तच्या पाठीवर थाप मारली. "कुठून आणलंस हे?"

"काका, तुमच्यासारख्यांचं ऐकूनच," चारुदत्त विनयानं म्हणाला. मला मानावंच लागलं, उत्तर बिनतोड होतं.

"वा," वकील म्हणाले, आता कुठं वाटेवर येऊन. "सावली. अगदी. मलाही काहीतरी सावलीसारखंच जाणवलं."

मग दयानंदची सीडी लागली. आबांचं क्लॅरिनेट. संथ. पंचम निघाला, वळला, उतरला, आणि गंधारावर असा येऊन टेकला, की मला पुन्हा तेच झालं, डोळ्यांत पाणी. अण्णांची मान एकदा, फक्त एकदा, पहिल्या ओळीला थोडीशी पुढं आली. मी पाहिलं. मग थांबली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

"हं," धून संपल्यावर ते म्हणाले. "मेहनत घेतली आहेस. नाही म्हणत नाही. पण सपाट आहे रे. यंत्र ते यंत्र. मींड म्हणजे नुसतं इथून निघून तिथं पोचणं नव्हे. त्याला मागं काहीतरी लागतं. ते शिकून येत नाही, रक्तात असावं लागतं."

दयानंद उठला. "ठीक आहे, सर. ऐकलंत, एवढं पुष्कळ झालं." आईला वाकून नमस्कार केला आणि गेला.

मी मागोमाग फाटकापर्यंत धावले. "दया, ती पहिली आपली होती! सतारीची!"

"म्हाईताय."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? घरात बसून तुझ्या बापाला खोटं पाडू? कान चुकतो माणसाचा. त्यांचाबी चुकला." तो गाडीपाशी गेला. गाडी जुनी होती, किक बसत नव्हती.

कान चुकला. मी तेच घोकत परत आले. कान चुकला असला तर काही बिघडत नव्हतं. वय झालं, नावाचा परिणाम होतो, सतार ऐकून माणूस फसतो. मी त्यांना हळूच सांगणार होते, त्यांना वाईट वाटणार नाही असं. वाटल्यास दया आणखी एक धून करील, आणखी चांगली. चारुदत्त आत हात धुवायला गेला होता. वकीलकाका फाटकाशी स्कूटर पुसत होते. अण्णा एकटेच तंबोऱ्याच्या तारा पुसत बसले होते.

"अण्णा, एक सांगायचं होतं. पहिल्या धुनेतला गंधार..."

"चढा होता," अण्णा म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"चांगला पाव सूर चढा होता. प्रत्येक ओळीत. मला काय कळलं नसेल?" त्यांनी मान वर केली नाही. "पण पाहुणा पुण्याहून आलेला. त्याच्या वडिलांना मी काय तोंड दाखवू? चारचौघांत सांभाळून घ्यावं लागतं."

"आणि दुसऱ्यातला?"

अण्णांचा हात तारेवर थांबला.

"त्या मुलाचा गंधार उत्तम होता, रुजू," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "भूपातला इतका शुद्ध गंधार मी अलीकडं ऐकला नव्हता."

मला वाटत होतं की मी ओरडेन. ओरडले नाही. माझ्या आयुष्यात जो एक माणूस कधी खोटं ऐकत नाही असं मी धरून चालले होते, त्यानं खोटं ऐकलंच नव्हतं. कान बिघडलेला नव्हता. तो बिघडला असता तर मी पाय चेपून दिले असते त्यांचे.

"पहिलीही दयाचीच होती, अण्णा. चारुदत्तची नव्हती."

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मागं, दाराकडं. तिथं आई उभी होती, चारुदत्तची न वाजलेली चकती हातात घेऊन.

"मी लावली," आई म्हणाली. "नुसतं नाही म्हणाला असतात तर हिला वाटलं असतं तुमचा कान चुकला, आणि ही पुन्हा दुसरी धून करायला बसली असती. मग तिसरी. मला माहीत आहे, तुमचा कान चुकत नाही."

बाहेर वकीलकाकांची स्कूटर सुरू झाली.

"अण्णा," मी म्हणाले, "आता मला जे सांगितलंत ना, दयाच्या गंधाराबद्दल, तेवढंच वकीलकाकांसमोर म्हणा. दुसरं काही नको. शब्द पाळू नका, लग्न लावून देऊ नका. फक्त उत्तम होता एवढं म्हणा. ते अजून फाटकात आहेत. मी हाक मारू?"

अण्णांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला खरंच वाटलं की ते हो म्हणतील, इतका त्यांचा चेहरा हलला होता.

"नको," ते म्हणाले.

मी चपला घातल्या. दया कोपऱ्यावर अजून किक मारत होता. मी त्याच्या मागं बसले आणि त्याला सांगितलं, नोंदणी कचेरीत लग्नाची नोटीस द्यायची आहे.

"आज रविवार हाय," तो म्हणाला.

"मग उद्या," मी म्हणाले. "पण मी आज घरी जाणार नाही."